हात मांडीपर्यंत जातो आणि थांबतो

"मॅडम, सिस्टरनं दोनदा दाखवलं. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. पण सुई मांडीपर्यंत जाते आणि हात थांबतो. एवढी भित्री आहे का मी?"

नागपुरात धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस बसते, तिथे हा प्रश्न फिरून फिरून येतो. पूर्वी इन्सुलिन सुरू झालेले लोक विचारायचे, आता बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घरी घ्यायला सांगितलेलेही विचारतात. वरचा प्रश्न विचारला होता शोभाताईंनी. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून.

वय ४१, घर नंदनवनात, नोकरी उमरेडकडच्या एका शाळेत. रोजचं अपडाऊन. काही वर्षांपूर्वी टीबीमुळे त्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा तुकडा काढावा लागला होता. बी-१२ शरीरात शोषलं जातं ते नेमकं त्याच तुकड्यातून. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे ऑपरेशननंतर बराच काळ काही जाणवलं नाही. मग तळव्यांना मुंग्या, चपला पायातून निसटणं, वर्गात उभं राहिल्यावर तोल जाणं. डॉक्टरांनी सुरुवातीचा कोर्स दवाखान्यातच दिला आणि पुढे महिन्याला १००० मायक्रोग्रॅम, कायमचं. संध्याकाळी बस येईपर्यंत दवाखान्याची वेळ संपलेली. म्हणून घरी.

(सगळ्यांनाच सुई लागते असं नाही. नुसत्या आहारामुळे कमी असेल तर अनेकांचं गोळ्यांवर भागतं. माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी डॉक्टरांना हेच विचारायला पाठवते. निम्मी भीती कधी कधी तिथेच संपते.)

शोभाताईंच्या बाबतीत मी पहिल्याच भेटीत चुकले. सुई म्हटलं की चक्कर, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुई किंवा रक्त पाहून काही जणांचा रक्तदाब आधी वाढून एकदम खाली येतो आणि माणूस कोसळतो. त्यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात एक साधी पद्धत बसवली. दंड, छाती, पाय दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचं, असं पाच वेळा. मी उत्साहानं ती शिकवली. पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या मांडी चोळतच. आवळलेल्या स्नायूतच सिस्टरकडून इंजेक्शन घेतलं होतं! ताठ स्नायूत सुई जास्त दुखते. मांडी सैल सोडायची असते, आवळायचं ते आधी आणि वरचं अंग.

"पण ताई, तुम्हाला याआधी कधी चक्कर आली होती का?" हे मी तेव्हा विचारलं. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

"नाही बाप्पा. कधीच नाही."

मग हात थांबतो तेव्हा डोळ्यासमोर काय येतं? बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी खेळत राहिल्या. मग भावाचा पाय आला. धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना तापात कंपाउंडरनं कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर पाऊल उचलेना. आजही तो एक पाय ओढत चालतो. त्या दिवशी आई शेतावर होती. भावाला धरून बसली होती ती नऊ वर्षांची शोभा. "मीच दाबून धरलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. घरी नवरा म्हणायचा, "एवढ्याशा सुईले काहून भेतेस?" त्याला बिचाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं.

हा भित्रेपणा म्हणायचा कसा? कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई गेली तर सायटिक नस दुखावते, हे खरंच घडतं. भावाचं तेच झालं होतं का, ते सांगणं माझं काम नाही आणि मी सांगितलंही नाही. पण त्यांची भीती कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला धरून होती, आणि अशा भीतीला "काही होत नाही" म्हटलेलं चालत नाही. तिला नकाशा लागतो.

तो सिस्टरनं काढून दिला, पाठकोऱ्या कागदावर. ती नस कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागच्या बाजूनं उतरते. स्वतः घ्यायची जागा मांडीच्या बाहेरच्या अंगाला, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तीन सारखे हिस्से केले तर मधल्या हिश्शात. दोन्हींमध्ये भरपूर अंतर. शोभाताईंनी बोटानं ते अंतर तीन वेळा मोजलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मुंग्या येतात ती नस सुईनं बिघडणार नाही, सुई नाही घेतली तर बिघडेल." मी नुसती मान हलवली.

सराव मात्र रेंगाळला. नागपुरात संत्र्यांना काय तोटा, पण सिस्टरचं मत पडलं मोसंबीच्या बाजूनं. संत्र्याची साल सैल, सुई आधी पोकळीत घुसते, हाताला खोटा अंदाज येतो. मोसंबीनं हात बसला. भीतीला मोसंबीचा उपयोग नव्हता, कारण मोसंबीला दुखत नाही. म्हणून एक आठवडा सुईशिवायची सिरिंज मांडीला टेकवून बसणं, एवढंच. नंतर सिस्टरच्या हातावर त्यांचा हात. नंतर त्यांच्या हातावर सिस्टरचा. प्रत्येक वेळी मी भीतीला दहापैकी गुण विचारायचे. त्या शिक्षिका, साडेसहा-पावणेसात असे गुण द्यायच्या.

दोन गोष्टी त्यांनी पुन्हापुन्हा विचारल्या. हवेचा बुडबुडा राहिला तर? काढून टाकायचाच, पण स्नायूत एखादा बारीक बुडबुडा गेला म्हणून जीव जात नाही, ते सिनेमातलं. आणि रक्ताचा थेंब आला तर? कापूस दाबून धरायचा, चोळायचं नाही. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालायची नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की दवाखान्यात द्यायचा. कचरागाडीत टाकली तर ती कुणाच्या तरी हातात शिरते. हे त्यांना सांगावं लागलं नाही, डबा त्या पहिल्या दिवसापासून पिशवीत घेऊन फिरत होत्या.

सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं दोनदा घेतलं, तेव्हाच घरचं ठरलं. पहिलं इंजेक्शन भाऊबीजेला पडलं. तारीख तशी आली होती की त्यांनी तशी आणली, मी विचारलं नाही. आजही एखाद्या महिन्यात हात नाहीच म्हणतो, तेव्हा त्या सुट्टी टाकून सिस्टरकडे येतात, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

त्या दिवशी भाऊ जेवून तिथेच बसला होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, दाबून धरल्याचंसुद्धा. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. अँप्यूल फोडून त्यांनी औषध ओढलं, सुई बदलली, मांडी सैल सोडली. भाऊ तोवर दाराकडे तोंड करून बसला होता आणि दर दोन सेकंदांनी विचारत होता, "झालं का ताई? झालं का?"