मूल हट्टाला पेटलं की माझाही पारा चढतो, अशा वेळी स्वतःला कसं आवरायचं?

आधी हे बघा की पारा नक्की कोणामुळे चढतोय. माझा तरी निम्म्या वेळा मुलीमुळे नाही, बघणाऱ्यांमुळे चढतो. ती पाच वर्षांची असताना सगळे नातेवाईक जमले होते, चुलतभावाने तिचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि हिने जमिनीवर लोळण घेतली, किंचाळणं, लाथा, सगळं. घरात आम्ही दोघंच असतो तर मी शेजारी निवांत बसलो असतो, पण तिथे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, बाप आता काय करतो बघू म्हणून, कान तापले माझे. दादा म्हणाला, दोन ठेवून दे, गप बसेल. मी मुलीला म्हटलं, मला आत्ता राग आलाय, पाणी पिऊन येतो, तोवर आजीजवळ थांब. आलो, खाली बसलो, रडून दमली तशी कुशीत आली. एवढंच झालं, पण दादाच्या मते तो पळपुटेपणा आणि हे तो अजून दर भेटीत ऐकवतो.

अरे, भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, मग त्या खोलीत आधी शांत कोणी व्हायचं, तिने का मी?

पण शांत म्हणजे दगडी चेहरा नव्हे. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आयांना बाळासमोर थोडा वेळ निर्विकार बसायला सांगितलं, तर बाळं आधी हसून, हातवारे करून आईला बोलवायची आणि मग कासावीस व्हायची. त्यामुळे अबोला धरू नका, राग आलाय हे सरळ सांगून टाका. श्वास घेताना लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, धडधड खरंच कमी होते.

"आम्ही मार खाल्ला, काय बिघडलं?" हे दादाचं ठरलेलं वाक्य. बिघडलं हे, की चाळिशी उलटली तरी वडिलांचा फोन आला की तो खुर्चीतून उठून बोलतो.

आणि हो, मूल अगदी लहान असेल तर त्याला सुरक्षित जागी किंवा कोणाजवळ ठेवल्याशिवाय बाजूला जाऊ नका. हात वारंवार उठत असेल तर मात्र माझ्यासारख्यांची उत्तरं वाचत बसू नका, सरळ समुपदेशकाकडे जा.