दिलेला कोड आणि दिलेला शब्द

या महिन्याच्या टपालात आवडीने प्रोग्राम लिहिणाऱ्यांची पत्रे जास्त आहेत. नोकरीधंदा सांभाळून उरलेल्या वेळात लिहिलेला कोड इतरांच्या उपयोगी पडावा असे त्यांना मनापासून वाटते, पण तो खुला केल्यावर आपल्या अंगावर नेमके काय येऊन पडते याची धास्तीही वाटते. मी स्वतः बरीच वर्षे असेच लहान प्रकल्प सांभाळत आले आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न: स्कॅन केलेली वाकडी पाने सरळ करून त्यांची एकच फाइल बनवणारा छोटा प्रोग्राम मी स्वतःपुरता लिहिला आहे. तो सर्वांसाठी खुला करावा, असे ओळखीचे लोक म्हणतात. कोड मात्र ओबडधोबड आहे. आधी तो नीटनेटका करावा का? आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवण्याच्या ऑनलाइन भांडारात, टाकला की काम झाले का?

उत्तर: तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. कोड सर्वांना दिसेल अशा जागी ठेवला म्हणजे तो आपोआप मुक्त झाला, हा समज फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. बर्न करार मानणाऱ्या देशांत, म्हणजे जगातील बहुतेक सर्व देशांत, लिहिलेल्या मजकुरावर लिहिणाऱ्याचा हक्क नोंदणी न करताही निर्माण होतो, आणि प्रोग्रामचा कोड हाही असा मजकूरच मानला जातो. त्यामुळे परवाना, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारा मजकूर, न जोडता ठेवलेला कोड लोकांना वाचता येईल, पण तो बदलून पुढे देण्याचा अधिकार त्यांना मिळणार नाही. सावधपणे काम करणारा माणूस अशा कोडला हातच लावत नाही.

परवाना निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या कोणी तुमच्या प्रोग्राममध्ये भर घातली, ती स्वतःजवळच झाकून ठेवली आणि तो प्रोग्राम विकला, तर तुम्हाला वाईट वाटेल का? वाटणार नसेल, तर एमआयटी परवाना पुरेसा आहे. तो अर्ध्या पानाचा आहे आणि तुमच्या हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत कायम ठेवावा, एवढीच अट घालतो. वाईट वाटणार असेल, तर जीपीएल हा परवाना घ्या. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची आहे. बदललेला प्रोग्राम जो दुसऱ्याला देईल, त्याने त्याचा मूळ कोडही त्याच अटींवर दिला पाहिजे, असे त्यात बंधन आहे. पेटंटचा प्रश्न उद्भवण्यासारखा असेल, तर २००४ चा अपाचे २.० पाहावा, कारण पेटंटविषयीची परवानगी त्यात स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

स्वतःचा परवाना मात्र लिहू नका. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी लिनक्स या संगणक-प्रणालीची घोषणा केली, तेव्हा हा आपला केवळ छंद आहे असेच त्यांनी लिहिले होते, आणि पहिल्या आवृत्तीला त्यांनी स्वतः बेतलेल्या अटी जोडल्या होत्या. वितरणासाठी पैसे घेण्यास त्या अटींत मनाई होती. प्रती बनवून पाठवण्याचा खर्चसुद्धा त्यामुळे कोणाला वसूल करता येईना. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्यांनी तो परवाना सोडून जीपीएल स्वीकारला. आणखी एक गोष्ट तपासून घ्या: तुम्ही प्रोग्रामर म्हणून नोकरी करत असाल, तर घरी लिहिलेल्या कोडवरही कंपनीचा हक्क सांगणारे कलम तुमच्या करारात आहे का, हे आधी वाचा.

आता ओबडधोबडपणाविषयी. नीटनेटका होईपर्यंत थांबू नका. तो दिवस उजाडत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. कोड कसा दिसतो यापेक्षा प्रोग्रामची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये तुम्ही किती खरे लिहिता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रोग्राम काय करतो, कोणत्या प्रणालीवर तुम्ही तो चालवून पाहिला आहे, कोणत्या पानांवर तो हमखास चुकतो आणि मूळ फाइलींना तो हात लावतो की नाही, एवढे साध्या वाक्यांत लिहा. ‘फिकट शाईची पाने नीट ओळखता येत नाहीत’ असे एक वाक्य परक्या माणसाचे दोन तास वाचवते.

प्रश्न: एका ऑनलाइन सेवेची गुप्त की, म्हणजे पासवर्डसारखी खूण, चुकून कोडसोबत सार्वजनिक झाली. लक्षात येताच पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या पुढच्या बदलात, मी ती ओळ काढून टाकली. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. गिट ही कोडमधील बदल नोंदवणारी प्रणाली मागचा सगळा इतिहास जपून ठेवते, त्यामुळे जुन्या कमिटमध्ये ती की जशीच्या तशी वाचता येते. शिवाय सार्वजनिक कोडमधून अशा की शोधून काढणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. सर्वांत आधी त्या सेवेच्या पानावर जाऊन ती की रद्द करा आणि नवी घ्या. इतिहास साफ करणे त्यानंतरचे काम आहे. त्यासाठी गिट-फिल्टर-रेपो हे साधन आहे, पण कोणी आधीच प्रत घेतली असेल तर तिच्यापर्यंत तुमचा हात पोहोचणार नाही, हे लक्षात ठेवा. यापुढे की वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवा.

प्रश्न: माझी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड, अनेक जण वापरू लागले आहेत. सध्या साठ-सत्तर इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या, उघडे आहेत आणि मला आठवड्यात दोन-तीन तासच मिळतात. परवा एकाने लिहिले, ‘दोन आठवडे झाले, उत्तर नाही, आमचे काम अडले आहे, जबाबदारी घ्यायची नव्हती तर प्रकल्प सुरू कशाला केला?’ तेव्हापासून रिपॉझिटरी उघडायलाही नकोसे वाटते. माझे खरोखर काही चुकते आहे का?

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण रिपॉझिटरी उघडायला नकोसे वाटण्याचे दिवस मीही काढले आहेत.

तुम्ही जोडलेला परवाना पुन्हा एकदा वाचा. एमआयटी, बीएसडी, अपाचे, जीपीएल यांपैकी कोणताही असला, तरी प्रोग्राम ‘जसा आहे तसा’ आणि कोणत्याही हमीशिवाय दिला आहे, असे त्यात लिहिलेले असते. ज्यांचे काम अडले आहे त्यांनी याच अटीवर तो घेतला आहे. तुम्ही कोड दिलात. तुमच्या संध्याकाळी त्यासोबत दिलेल्या नाहीत. तेव्हा दोन आठवडे उत्तर न देणे हा अपराध नव्हे, असे मी निःसंकोचपणे म्हणते.

मात्र ‘हमी नाही’ या शब्दांमागे सगळेच लपवता येत नाही, हे मी एका चुकीतून शिकले आहे. छायाचित्रांच्या फाइलींना ती घेतल्याच्या वेळेवरून नावे देणारा एक प्रोग्राम मी खुला केला होता. नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद येत असे. एकाच सेकंदात दोन छायाचित्रे घेतली गेली तर दोघांना एकच नाव मिळेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि नाव बदलणारा आदेश आधीच्या फाइलवर दुसरी फाइल निमूटपणे लिहून टाकत होता. एका वापरकर्त्याची कितीतरी छायाचित्रे अशी पुसली गेली. त्याने अत्यंत सौम्य शब्दांत मला कळवले, आणि ते वाचताना माझे हातपाय गार पडले. दुरुस्ती चार ओळींची होती: त्या नावाची फाइल आधीपासून आहे का ते पाहायचे आणि असल्यास नावापुढे क्रमांक जोडायचा. एकाच सेकंदाच्या तीन फाइली घेऊन तपासणारी चाचणी मी त्याच रात्री लिहिली, नवी आवृत्ती काढली, आणि जुनी आवृत्ती वापरू नका, अशी सूचना रीडमीच्या माथ्यावर टाकली.

पण मला आजही खटकते ते दुसरेच. तीन महिने आधी कोणीतरी ‘कधी कधी छायाचित्रे कमी भरतात’ एवढ्या एका ओळीचा इश्यू टाकला होता. नवे रंग हवेत, नवी बटणे हवीत अशा मागण्यांच्या गर्दीत तो माझ्या नजरेतून सुटला. आणि रीडमीच्या दुसऱ्याच ओळीत मी ‘पूर्णपणे सुरक्षित’ असे लिहून ठेवले होते. ते शब्द माझ्याकडून कोणी मागितले नव्हते. मीच उत्साहाच्या भरात ते दिले होते, आणि एका परक्या माणसाने त्यांवर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून माझ्या दोन-तीन तासांचा क्रम ठरलेला आहे. ज्यात कोणाची माहिती नष्ट होऊ शकते किंवा सुरक्षेला धोका आहे, असे इश्यू आधी. त्यानंतर, पूर्वी चालत असलेले आणि माझ्या बदलामुळे मोडलेले. बाकीचे सगळे, म्हणजे नव्या सोयी, दुर्मीळ प्रणालींवरील अडचणी आणि आवडीनिवडीचे मुद्दे, महिनोन्‌महिने थांबले तरी मी मनाला लावून घेत नाही. तुमच्या साठ-सत्तर इश्यूंना एका बैठकीत फक्त लेबले लावा. उत्तरे लिहायच्या मागे लागू नका. पहिल्या गटात निघाले तर चार-पाचच निघतील, आणि ओझे तेवढेच आहे हे दिसल्यावर रिपॉझिटरी उघडणे जड जाणार नाही.

नंतर रीडमीमध्ये असे काहीतरी लिहा: ‘हा प्रकल्प एकच व्यक्ती मोकळ्या वेळात सांभाळते. इश्यू महिन्यातून एकदा पाहिले जातात. सुरक्षेच्या त्रुटी मात्र सार्वजनिक न करता खाली दिलेल्या मार्गाने कळवाव्यात.’ जेवढे नक्की जमेल तेवढेच लिहा. ज्यांनी तुम्हाला दुखावले, त्यांना एकदाच उत्तर द्या: अडचण समजली, या महिन्यात वेळ नाही, दुरुस्ती करून पाठवल्यास पाहीन, तातडीचे असेल तर मोबदला घेऊन करण्याविषयी बोलू. शेवटचा पर्याय सुचवताना संकोच करू नका. २०१४ मध्ये इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची त्रुटी सापडली, तेव्हा जगभरातील कंपन्या ज्यावर विसंबून होत्या तो कोड मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांवर सांभाळत होती, हे सर्वांना कळले. मदतीचा ओघ त्यानंतर सुरू झाला. फुकट मिळालेल्या कोडवर ज्यांचा व्यवसाय चालतो, त्यांना मोबदल्याची आठवण करून देणे उद्धटपणाचे नाही.

प्रश्न: एका अनोळखी प्रोग्रामरने दीड हजार ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपले बदल सामील करून घेण्याची विनंती, पाठवली आहे. काम चांगले आहे, पण मला ती सोय माझ्या प्रोग्राममध्ये नको आहे. एवढे कष्ट घेतलेल्या माणसाला नाही कसे म्हणावे?

उत्तर: लवकर म्हणावे. दोन महिने ताटकळत ठेवून दिलेला नकार पहिल्याच आठवड्यात दिलेल्या नकारापेक्षा कितीतरी जास्त लागतो. कोड स्वीकारला की त्या दीड हजार ओळींमधील प्रत्येक बग तुमचा होतो, आणि लिहिणारा तोवर दुसरीकडे निघून गेलेला असू शकतो. हे कारण प्रामाणिक आहे आणि समंजस प्रोग्रामरला ते पटते. त्यांनी फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत काढून, ती सोय स्वतः चालवावी असे सुचवा आणि तुमच्या रीडमीमध्ये त्या फोर्कचा दुवा द्या. कोड खुला असणे आणि बाहेरचे योगदान स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसक्यूलाइट हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा डेटाबेस असावा. त्याचा कोड कोणालाही वापरता येतो, पण त्याचे कर्ते बाहेरून आलेले पॅच, म्हणजे कोडमधील बदल, सहसा घेत नाहीत आणि तसे त्यांनी जाहीर केलेले आहे. तुम्हीही ‘मोठे बदल करण्यापूर्वी इश्यू उघडून विचारावे’ एवढे योगदानाचे नियम सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये लिहा, म्हणजे पुढच्या माणसाचे कष्ट वाचतील.

स्वीकारणार असाल, तर एक लक्षात ठेवा: त्या ओळींवर लिहिणाऱ्याचा हक्क कायम राहतो. पुढे परवाना बदलायचा ठरवल्यास त्यांची संमती लागू शकते. व्हीएलसी प्लेअरच्या चमूने २०११-१२ च्या सुमारास आपल्या बहुतांश मूळ कोडचा परवाना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्याच सौम्य रूपावर नेला, तेव्हा जुन्या सहभागींना एकेक करून शोधून त्यांची परवानगी घ्यावी लागली होती.

प्रश्न: सात वर्षे सांभाळलेला प्रकल्प आता मला सोडायचा आहे. एक जण सूत्रे घ्यायला उत्सुक आहे, पण त्याला मी प्रत्यक्ष ओळखत नाही. देऊन टाकावा का?

उत्तर: सोडावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, त्याबद्दल कोणाची क्षमा मागू नका. देताना मात्र थांबून विचार करा, कारण कोडसोबत तुम्ही वापरणाऱ्यांचा विश्वासही हवाली करत असता. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या थकलेल्या कर्त्याने ते मदतीला पुढे आलेल्या अनोळखी माणसाला सुपूर्द केले; त्या माणसाने त्यात बिटकॉइनचे पाकीट लुटणारा कोड दुसऱ्या पॅकेजच्या आडून घुसवला. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या साधनसंचाची गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त पॅच पाठवून विश्वास मिळवला, आणि त्याच काळात दुसरी काही खाती प्रकल्प सांभाळणाऱ्या मूळ मेंटेनरवर, तुम्ही फार मंद आहात, सूत्रे सोडा, असा दबाव आणत राहिली. २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएचने लॉग-इन व्हायला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्याने मूळ शोधून काढले, म्हणून मोठा अनर्थ टळला. तुमच्या पत्रातील उत्सुक माणूस तसा आहे असे मी सुचवत नाही. परंतु सूत्रे घेण्याची घाई कोणी करत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे.

त्या व्यक्तीला आधी वर्षभर पॅच पाठवू द्या. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार सर्वांत शेवटी द्या. तेवढे थांबण्याची तुमची ताकद नसेल, तर त्यांना वेगळ्या नावाने फोर्क करायला सांगा, म्हणजे कोणावर विसंबायचे हे वापरणारे स्वतः ठरवतील, आणि तुमची रिपॉझिटरी तुम्ही अर्काइव्ह करा. अर्काइव्ह केल्यावर ती वाचता येते, तिची प्रत घेता येते, फक्त तिच्यात बदल होत नाहीत.

एवढे मात्र करू नका: पॅकेज एका फटक्यात पुसून टाकू नका. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एका वादातून एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले हजारो प्रकल्प काही तास बिल्ड, म्हणजे चालण्याजोगे तयार, होईनासे झाले. अर्काइव्हचे बटण दाबण्यापूर्वी रीडमीची पहिली ओळ बदला. तिथे प्रकल्प थांबल्याची तारीख, शेवटच्या आवृत्तीचा क्रमांक आणि तुम्हाला माहीत असलेल्या त्रुटी लिहा, आणि एखादा चांगला पर्याय ठाऊक असेल, तर त्याचे नावही द्या.