माध्यमिक शाळेत जागतिक साहित्याचा अभ्यासक्रम सुरू करताना आरंभ कोठून करावा?
नववीच्या वर्गासाठी आरंभ होमरपासून करावा की आधुनिक लेखकांपासून, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कालक्रम बाजूला ठेवून एका बैठकीत वाचून होईल अशा कथेने सुरुवात करावी. टॉलस्टॉय यांची ‘माणसाला किती जमीन लागते’ ही १८८६ मधील कथा त्यासाठी फार योग्य आहे. हजार रूबलांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढी जमीन पायी घेरता येईल तेवढी आपली, हा सौदा कथेतला शेतकरी पाहोम स्वीकारतो आणि मावळत्या उन्हात, जेथून निघाला त्या टेकडीकडे धावताना त्याचा ऊर फुटू लागतो. बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्या मुलांना हा लोभ समजावून सांगावा लागत नाही. शिक्षकाने वेळ द्यावा तो कथेत ही जमीन विकणारे बाश्किर लोक कोण आणि १८६१ मध्ये भूदासत्व, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी पद्धत, संपल्यावरही रशियन शेतकरी जमिनीसाठी का तळमळत होता, या प्रश्नांना. त्यानंतर प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचे ‘अँटिगनी’ हे नाटक घ्यावे, मात्र सारांश न सांगता नायिका अँटिगनी आणि राजा क्रेऑन यांचा वाद मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील किमान एकेक कथा पहिल्याच सत्रात असावी, आणि चांगला मराठी अनुवाद उपलब्ध असेल तेथे इंग्रजीचा आग्रह धरू नये.