मुरूम : माती की खडक?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी आवारात बोअर मारले गेले आणि सॉईल रिपोर्टचा मराठी गोषवारा सभेत वाटला. त्यात एकाच बोअरमधले थर असे दिलेत : वर मुरूम, खाली सागरी चिकणमाती, मग पुन्हा मुरूम आणि शेवटी बेसाल्ट. ते विचारतात, "मुरूम दोनदा आलाय, ही टायपिंगची चूक का? आणि मुरूम माती धरायचा की खडक?"

चूक नाही. दोन्ही जागी शब्द बरोबर आहे, फक्त ते दोन मुरूम वेगळे आहेत. बोलताना आपण हा फरक सहज पाळतो, तोही क्रियापदाने. विहीर खणताना मुरूम 'लागतो'. रस्त्यावर, अंगणात मुरूम 'टाकतात'. गोषवारा करणाऱ्याने नुसतं नाम ठेवलं, क्रियापद गाळलं, आणि घोटाळा झाला.

आधी लागणारा मुरूम पाहू. ठाणे-नवी मुंबईच्या बुडाशी दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या फटींतून पाणी शिरतं, खनिजं बदलतात आणि खडक जागच्या जागी कुजतो. रंग पिवळट-तांबूस होतो, कडा गोलावतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. पारसिकच्या डोंगरात रस्त्यासाठी जिथे कापणी झाली आहे तिथे हे उघड्यावर बघता येतं. मोल्सवर्थच्या कोशातही मुरूम म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारा दगड, बहुधा कुजलेला ट्रॅप (म्हणजे हाच बेसाल्ट), असाच अर्थ आहे. भूशास्त्रात ताज्या खडकापासून पूर्ण माती होईपर्यंत झिजेच्या सहा पायऱ्या मानतात. आपला मुरूम साधारण चौथ्या-पाचव्या पायरीवर बसतो.

माती की खडक, हा प्रश्न पडतो तो याच मधल्या जागेमुळे, आणि यंत्रालाही तो पडतो. बोअरमध्ये एसपीटी, म्हणजे ठोके मोजून जमिनीचा कठीणपणा जोखायची चाचणी, घेतात तेव्हा रॉडच्या टोकाची नळी जमिनीत घुसवायला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात. नळी पहिले १५ सेंटिमीटर जाईपर्यंतचे ठोके सोडून देतात आणि पुढच्या ३० सेंटिमीटरना किती लागले ते मोजतात. खाडीच्या मऊ चिकणमातीत हा आकडा एक-दोनवर राहतो, कधी रॉडच्या वजनानेच नळी खाली जाते. मुरूम आला की ठोके पन्नासच्या पुढे जातात, नळी अडते, लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, 'रिफ्युजल' लिहिलं जातं. म्हणजे मातीचं हत्यार सांगतं, ही माती नव्हे. मग हिऱ्याचं बिट लावून कोअर, म्हणजे खडकाचा दांड्यासारखा सलग नमुना, काढायला घेतात, तर ड्रिलिंगचं पाणी मुरमाचा बारीक भाग धुऊन नेतं. दीड मीटर ड्रिल करून कोअर बॉक्समध्ये चार-सहा तुकडे आणि मूठभर खडे येतात. खडकाची प्रत ठरवताना १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच धरतात. तसा एकही नसतो. खडकाचं हत्यार सांगतं, हा खडकही नव्हे. तोच नमुना प्रयोगशाळेत चाळणीवर गेला की भारतीय मानक १४९८ प्रमाणे मातीच्या गटात पडतो, गाळमिश्रित खडी किंवा वाळू म्हणून. खोदाईचे दर ठरवणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली. त्यांच्याकडे माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशी चढती भाजणी असते. मला ही भाजणी फार शहाणी वाटते. मधल्या अवस्थेला तिने स्वतःचं नाव दिलंय आणि माती की खडक हा वाद मिटवलाय.

आता टाकलेला मुरूम. खाडीकाठच्या खाजणावर वसाहत उभी करताना वर भराव घातला गेला, त्यात डोंगर फोडून आणलेला मुरूम असतो. तुमच्या बोअरमधला वरचा थर हाच. तो खडकावर बसलेला नाही, चिकणमातीवर बसलेला आहे. त्याच्या वजनाने खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू निघतं, ती वर्षानुवर्षं खचत राहते, आणि खचता खचता पाइललाही (इमारतीचा भार खाली खडकापर्यंत नेणाऱ्या खांबालाही) खाली ओढते. त्यामुळे सभेत कुणी "वरच मुरूम आहे, जमीन पक्की आहे" असं म्हणालं तर थांबवा. खालचा, लागलेला मुरूम म्हणजे खडक जवळ आल्याची वर्दी. वरच्या मुरमातून तसं काहीच कळत नाही.

नमुना समोर असेल तर दोन्ही ओळखता येतात. टाकलेल्या मुरमात विटेचा तुकडा, प्लास्टिक, काँक्रीटचा कपचा सापडतो आणि खडे सरमिसळ असतात. लागलेल्या मुरमाचा खडा फोडला की मूळ खडकाच्या फटींच्या रेषा आणि झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके जागच्या जागी दिसतात, मग बोटांनी दाबल्यावर तो कुस्करतो.

म्हणून गोषवाऱ्यात 'मुरमाचा भराव' आणि 'जागचा मुरूम' असे दोन शब्द लिहावेत. 'अपक्षयित खडक' वगैरे घडवायची गरज नाही; सभेतल्या ज्येष्ठांना मुरूम कळतो, अपक्षय कळत नाही.

चिकणमातीला कुणी 'गाळ' लिहिलं असेल तर तेही सुधारून घ्या. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण चिकणमातीचे, त्यापुढे ०.०७५ पर्यंतचे गाळाचे. ओला गोळा तळहातावर ठेवून हात हलवला की गाळाच्या अंगावर पाणी चकाकतं आणि दाबला की आत जातं. चिकणमाती तशीच्या तशी राहते, वर हाताला चिकटते.

पत्राच्या शेवटी त्यांनी लेखनाबद्दलही विचारलं आहे. शब्द 'मुरूम' असा, दुसरा रू दीर्घ. विभक्ती लागताना 'बेडूक–बेडकाला', 'लाकूड–लाकडाला' यांसारखा मधला ऊ जातो : मुरमाचा, मुरमात, मुरमावर. शेतकऱ्यांची 'मुरमाड' जमीन याच रूपातून आली आहे. अहवालात 'मुरुमाचा' दिसतं तिथे 'मुरमाचा' करावं.