मोडलेला अँटेना फेकू नकोस

वाऱ्याने हौशी (हॅम) रेडिओच्या दोन मीटर बँडचा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, फायबरग्लास अँटेना मधोमध मोडला म्हणून हळहळू नकोस, तो घरी जोडता येतो. आधी आतली तार बघ. बाहेरची नळी नुसतं कवच. खरं काम आतलं तांबं करतं. ते तुटलं असेल तर टोकं घासून चकचकीत कर, सोल्डर मार, पण लांबी अजिबात बदलू देऊ नकोस. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम ५२ सेंटिमीटर, तिथे एक-दोन सेंटिमीटरही जाणवतात.

मग नळी. जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पॉलिश पेपरने घास, पण मास्क आणि हातमोजे घालूनच. काचेची ती बारीक कुसळं मनगटात रुतली की दोन दिवस खाज जात नाही, मी भोगलंय. इपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या कापडाचे तीन-चार घट्ट वेढे दे आणि रात्रभर हात लावू नकोस. आधाराला धातूची पट्टी किंवा कार्बन फायबर मात्र गुंडाळू नकोस, ट्यूनिंग बिघडतं. बुडाशी पाणी निथळायचं भोक असेल तर ते मोकळं ठेव.

गच्चीवर चढवण्याआधी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर मोज, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचा आकडा; तो एकच्या जितका जवळ तितकं चांगलं. दीडच्या आत आला की खुशाल चढव.