चिलखतातला मंद शत्रू कसा पाडायचा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न व्हिडिओ गेममधल्या एकाच जातीच्या शत्रूबद्दल आहेत: अंगावर जाडजूड चिलखत, हातात अवजड शस्त्र, चाल मंद, आणि एक घाव बसला की खेळ खलास. गेम वेगवेगळे आहेत, पण जवळपास सगळ्यांची चूक एकच आहे. लक्ष आपल्या वारांवर असतं, त्याच्या घावावर नसतं. अशा शत्रूचा घाव संपल्यापासून शस्त्र पुन्हा वर जाईपर्यंतचा वेळ तेवढाच आपला असतो.

प्रश्न: 'डार्क सोल्स'मध्ये बुरुजाच्या तळाशी असलेला हॅवेल मला एका फटक्यात मारतो. ढाल वर धरूनही उपयोग होत नाही. आधी लेव्हल वाढवावी का?

लेव्हल वाढवली तर काम सोपं होईल, पण गरज नाही. आधी ढालीचा मोह सोडा. त्याच्या हातातला ड्रॅगनचा दात (त्याचं अवजड शस्त्र) सुरुवातीच्या ढालीवर आदळला की स्टॅमिना (दमाचा बार) एका दणक्यात संपतो, गार्ड (ढालीचा बचाव) तुटतो आणि पुढचा घाव उघड्या अंगावर येतो. शिवाय ढाल वर धरलेली असताना स्टॅमिना सावकाश भरतो. म्हणजे ज्याच्या जोरावर रोल करायचा (कोलांटी मारून घाव चुकवायचा) तेच ढालीपायी कमी पडतं.

मग वजन बघा. या गेममध्ये अंगावरचं सामान वजनमर्यादेच्या 25 टक्क्यांच्या आत असेल तर रोल चपळ होतो, 50 टक्क्यांपर्यंत मध्यम, आणि त्यापुढे माणूस धपकन पडावा तसा रोल. हॅवेलसमोर 25 टक्क्यांच्या आतच राहा. त्यासाठी छातीचं चिलखत, शिरस्त्राण, सगळं उतरवावं लागलं तरी चालेल. सुरुवातीच्या चिलखतानं त्याचा घाव सोसवत नाहीच, मग ते ओझं कशाला वागवायचं?

लढाई सपाट जमिनीवर घ्या, जिन्यात नको. उंचीत फरक पडला की बॅकस्टॅब (पाठीमागून घातलेला जबर घाव) लागत नाही. त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर उभे राहा, म्हणजे तो घाव घालायला प्रवृत्त होईल. दात वर गेला की लगेच रोल करू नका. हात वर जातो, क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. तो खाली यायला लागला की रोल करा, आणि मागे नाही, त्याच्या कुशीला लागून पुढे. दात जमिनीवर आपटेपर्यंत तुम्ही त्याच्या पाठीशी असायला हवं. तिथे उभे राहून हलक्या हल्ल्याचं बटण एकदाच दाबा. बरोबर पाठीमागे असाल तर बॅकस्टॅब लागतो.

बॅकस्टॅबनंतर तो आडवा पडतो. उठेपर्यंत त्याला मार लागत नाही, त्यामुळे पडलेल्यावर तलवार चालवणं म्हणजे स्टॅमिना फुकट घालवणं. चार पावलं मागे या, स्टॅमिना पूर्ण भरू द्या आणि हेच पुन्हा करा.

एक अडचण लॉक-ऑनमुळे (नजर एकाच शत्रूवर खिळवून ठेवण्याच्या सोयीमुळे) येते. लॉक केलेलं असताना या गेममध्ये रोल फक्त चार दिशांना जातो: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. तिरकं जायचं असेल तर घावाच्या आधी लॉक सोडा. पॅरी (ऐन वेळी घाव उडवून लावणं) चांगली जमत असेल तर त्याचे घाव पॅरीही होतात, पण इथे चुकलेल्या पॅरीची किंमत जीव असते. नवख्यानं बॅकस्टॅबचाच रस्ता धरावा. तो मेला की मिळणारी अंगठी तुमची वजनमर्यादा दीडपट करते, त्यामुळे ही लढाई लवकर जिंकण्यात खरा फायदा आहे.

प्रश्न: 'सेकिरो'मधल्या पुलावरच्या चिलखतधारी योद्ध्याचा पॉश्चर बार (तोल किती ढळला ते दाखवणारा) भरला, डेथब्लो (संपवणारा घाव) दिला, तरी तो उठून उभा राहिला. गेममध्ये गडबड आहे का?

गडबड नाही, तो असाच रचला आहे. तलवारीच्या वारानं त्याची हेल्थ कमी होत नाही, आणि साधा डेथब्लोही त्याला संपवत नाही. त्याला पुलावरून खाली पाडावं लागतं.

पुलाच्या कडेनं लाकडी आडोसे आहेत ना, ते त्याच्याच तलवारीनं फुटतात. तेव्हा लढाईचा पहिला भाग पॉश्चरसाठी नाहीच, आडोसे फोडून घेण्यासाठी आहे. आडोशाला पाठ लावून उभे राहा, मोठा घाव येऊ द्या, बाजूला सरका. लाकूड फुटून पलीकडची दरी दिसली की तुमची जागा तयार झाली.

आता हल्ला सुरू करा. या गेममध्ये शत्रूची हेल्थ भरलेली असली की पॉश्चर झपाट्यानं सावरतं, आणि याची हेल्थ तर कायम भरलेलीच. म्हणून मागे सरून दम खाल्लात की केलेलं सगळं पुसलं जातं. त्याच्याजवळ राहा, वार करत राहा, त्याचा घाव आला की ऐन वेळी डिफ्लेक्ट करा, म्हणजे तलवारीनं परतवा. बार भरत आला की तुमच्या दोघांची जागा बघा: तो फुटलेल्या कडेजवळ आणि तुम्ही पुलाच्या आतल्या बाजूला. त्या स्थितीत डेथब्लो दिला की तो खाली जातो. पुलाच्या मधोमध दिलात तर तो उठतो आणि बार पुन्हा भरावा लागतो. दोन-तीन ठिकाणचे आडोसे फोडून ठेवले तर तो कुठेही असला तरी कड जवळच असते.

प्रश्न: 'एल्डन रिंग'मध्ये स्फटिकाचे शत्रू आहेत. माझी तलवार त्यांच्यावर नुसती खणखणते. शस्त्र अपग्रेड केलं तरी तेच.

तलवार बाजूला ठेवा. क्रिस्टलियनवर (हेच ते स्फटिकाचे शत्रू) धारेचा परिणाम होत नाही, ठोक्याचा होतो. गदा, हातोडा, जे ठोकणारं शस्त्र असेल ते घ्या. त्यांचं कवच पहिल्यांदा स्टान्स (उभं राहण्याचा तोल) तुटेपर्यंतच एवढं कठीण असतं. एकदा स्टान्स तुटला की ते तडकतं आणि त्यानंतर प्रत्येक वार नीट लागतो. म्हणून सुरुवातीला हेल्थ बारकडे बघून निराश होऊ नका. तो हलत नसला तरी आतून काम चालू असतं.

स्टान्स तोडायला भरभर हलके वार करण्यापेक्षा उडी मारून जड हल्ला, चार्ज केलेला जड हल्ला आणि ढालीवर घाव झेलून लगेच दिलेला गार्ड काउंटर हे तिन्ही जास्त उपयोगी. काही सेकंद वार बसला नाही की स्टान्स पुन्हा सावरतो, त्यामुळे दोन जड हल्ल्यांमध्ये फार वेळ जाऊ देऊ नका. दोन किंवा तीन क्रिस्टलियन एकत्र असतील तर एकालाच धरा. वार वाटत बसलात तर कोणाचाच स्टान्स तुटणार नाही.

प्रश्न: 'ऑकारिना ऑफ टाइम'च्या स्पिरिट टेम्पलमधला कुर्‍हाडवाला आयर्न नकल निम्म्या लढाईपर्यंत सोपा जातो, मग अचानक मारतो. असं का?

कारण तेव्हा त्याचं चिलखत गळून पडलेलं असतं. अवजड पत्रा गेला की तो जोरात चालून येतो, आणि तुमचे हात मात्र अजून जुन्या मंद तालावर चाललेले असतात. चिलखत पडताना दिसलं की हल्ला थांबवा, अंतर वाढवा आणि त्याचे एक-दोन घाव नुसते बघा. मग तीच युक्ती: कुर्‍हाडीच्या टोकाच्या जेमतेम आत उभे राहायचं, ती उचलली गेली की मागे उलटी उडी, घाव वाया गेला की एक उडीवार. उडीवाराला साध्या वाराच्या दुप्पट डॅमेज मिळतं, म्हणून एकच वार पुरतो. दुसर्‍या वाराचा लोभ नको. खांबाआड लपूही नका, त्याची कुर्‍हाड खांब फोडते.

नायक लिंक लहान असताना लढत असाल तर डेकू स्टिक (लाकडी काठी) वापरून बघा. तिचा वार कोकिरी तलवारीच्या दुप्पट लागतो, फक्त ती मोडते, तेव्हा भरपूर जवळ ठेवा. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधला डार्कनट याच घराण्यातला. त्याचं चिलखत तुकड्या-तुकड्यानं गळतं, आणि सगळं गेलं की तो हातातली मोठी तलवार तुमच्या दिशेनं फेकून हलकी तलवार उपसतो. ती फेक अंगावर घेऊ नका.

प्रश्न: 'बॅटमॅन: अर्खम सिटी'मध्ये गर्दीत एक चिलखतवाला गुंड असला की माझा कॉम्बो (सलग वारांची मालिका) तुटतो.

साधा ठोसा त्याला लागत नाही. आधी केपनं स्टन करा, म्हणजे गांगरवून टाका (प्लेस्टेशनवर वर्तुळ, एक्सबॉक्सवर बी) आणि लगेच ठोशाचं बटण भराभर दाबत राहा, तो कोसळेपर्यंत. अडचण अशी की हे सगळं होईपर्यंत बाकीचे मोकळे असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यावर इशारा दिसला की मारणं सोडून काउंटर (उलट वार) द्या. म्हणून आधी साधे गुंड कमी करा, चिलखतवाल्याला शेवटी ठेवा. ते शक्य नसेल तर कॉम्बो आठपर्यंत न्या (अपग्रेड घेतल्यावर पाचपर्यंत) आणि मिळालेला स्पेशल टेकडाउन (एका दणक्यात आडवं करणारा वार) त्याच्यावर खर्च करा.

प्रश्न: 'शॅडो ऑफ द कोलोसस'मधला तिसरा कोलोसस (महाकाय शत्रू): हातावर चढताच येत नाही.

मनगटावरचं चिलखत फोडल्याशिवाय चढता येत नाही, आणि ते तुमच्या तलवारीनं फुटत नाही. रिंगणात जमिनीवर एक गोल कठीण तबक आहे. त्याच्यावर जाऊन उभे राहा, तो दगडी तलवार उगारेल तेव्हा शेवटच्या क्षणी बाजूला पळा. तलवार तबकावर आपटली की मनगटावरचं कवच तुटतं. पुढच्या घावाला तलवार जमिनीवर टेकली की तिच्यावरून धावत हातावर जा.

प्रश्न: सगळं समजतं, पण घाव येताना घाबरून लवकर रोल होतो. यावर काही सराव?

आहे. दहा मिनिटं त्या शत्रूसमोर जा आणि हल्ल्याचं बटण अजिबात दाबू नका. फक्त चुकवा. शस्त्र वर जाताना नाही, खांदा वळतो तेव्हा अंगठा हलवा, कारण हे शत्रू मुद्दाम शस्त्र हवेत रोखून धरतात आणि आधी हललेल्यालाच गाठतात. रोलचं बटण एकदाच दाबा. घाबरून दोनदा दाबलं तर दुसरा रोल पहिल्यामागे रांगेत लागतो, आणि घाव नेमका त्या दुसर्‍या रोलच्या शेवटी येतो. सलग पाच घाव चुकवता आले की मग एका घावामागे एक वार सुरू करा.