बाबांची जावा: ठेवू की देऊन टाकू?

प्रश्न : बाबांची १९६७ची जावा मोटरसायकल आमच्या जुन्या घराच्या सोप्यात उभी आहे. बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. गाडी अकरा वर्षं सुरू केलेली नाही. आरसी बुक बाबांच्याच नावावर आहे. भाऊ म्हणतो, जागा अडते, देऊन टाक. एक गिऱ्हाईक रोख द्यायला तयार आहे, ‘कागदाचं नंतर बघू’ म्हणतं. विकण्याआधी गाडी रंगवून घेऊ का? मला ती द्यावीशी वाटत नाही, पण मला फक्त स्कूटी येते. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी रंगाचं. अजिबात रंगवू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. २००९ साली माझी जावा विकायची ठरली, तेव्हा मी हौसेने टाकी घासून नवा मरून रंग मारला. पहिलं गिऱ्हाईक आलं ते थेट जमिनीवर बसलं, मडगार्डच्या आतल्या बाजूला नखाने खरवडलं, रंगाखाली भरलेली लांबी (पुट्टी) बघितली आणि चहा न घेता गेलं. मूळ रंगाचे पोपडे असते तर ते थांबलं असतं. जाणकाराला गंज चालतो, लपवलेला गंज चालत नाही. तुम्ही फक्त धूळ झटका. आणि ती खिळ्यासारखी किल्ली शोधा. ती हरवली की लोक खरोखर खिळा घालून गाडी चालू करायचे, पण अस्सल किल्ली हातात असली की घेणाऱ्याचा चेहरा बदलतो.

‘कागदाचं नंतर’ म्हणणाऱ्याला वाटेला लावा. उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली तर नोटीस बाबांच्या नावाने तुमच्या दारात येईल. वारसाच्या नावावर गाडी करायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि भावाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र. मुदत तीन महिन्यांची असते, ती टळली आहे. थोडा दंड भरावा लागेल, पण काम होतं. नोंदणीचं नूतनीकरण शेवटचं कधी झालं तेही बघून घ्या.

पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. जुना नंबर तसाच राहतो, हे चांगलं. पण मग ती गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. चालवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता गाडीचं. कुणी येऊन ‘बघू चालू होते का’ म्हणत किक मारायला लागला तर त्याचा हात धरा. (पाय धरा म्हणायला हवं.) टाकीत गंज असणार, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून लाखेसारखं चिकटलेलं असणार. इंजिनातल्या क्रँकचे रबरी सील कडक झाले असतील. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत खेचलं जातं आणि गल्लीभर पांढरा धूर होतो. लोक म्हणतात इंजिन गेलं, आणि त्या धुराच्या नावाखाली भाव पाडतात. सील स्वस्त असतात, मजुरीच जास्त. टाकी धुऊन, लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली ऑइल मिसळून मगच किक मारू द्या.

विकावी का? माझ्याकडे एकच कसोटी आहे : दर रविवारी तिला किक कोण मारणार? कुणीच नसेल तर द्या, आणि वाईट वाटून घेऊ नका. जावा बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला, तरी सुट्या भागांसाठी जीव टाकणारी माणसं अजून आहेत. तुमची तर त्या कारखान्याच्या गाड्यांना येझदी नाव लागण्याआधीची, खुद्द ‘जावा’ लिहिलेली. गिऱ्हाईक मिळेल, घाई करू नका.

पण एक सांगतो. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, डाव्या पायाला. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर. गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. क्लच-गिअरची भीती असलेल्या माणसाला याहून सोपी जुनी गाडी मी पाहिलेली नाही. मात्र लायसन्सवर गिअरची गाडी चढवून घ्यावी लागेल. तेव्हा गाडी नावावर होईतो एखाद्या मोकळ्या मैदानात, भावाला मागे बसवून, पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या मारून बघा. मग भावाला विचारा, जागा किती अडते.